घराखालचं इन्सुलेशन पुन्हा पुन्हा ओलं होऊन गळतंय? नवा माल आणण्याआधी हे तपासा

लाकडी फरशीच्या घराखाली, जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीची जी पोकळी असते, जिच्यात रांगत किंवा पोटावर सरकतच जावं लागतं, तिला क्रॉल स्पेस म्हणतात. तिथे टॉर्च घेऊन शिरलं की अनेकदा एकच दृश्य दिसतं. तुळयांमधल्या खणांतून ग्लासवूलचे, म्हणजे ऊब राखायला लावलेल्या काचेच्या तंतूंच्या इन्सुलेशनचे, पट्टे लोंबत असतात, काही पार जमिनीवर पडलेले असतात. उचलले तर जड लागतात, दाबले तर बोटं ओली होतात. तुळयांवर पांढुरकी किंवा काळपट बुरशी. वर घरात, विशेषतः दमट दिवसांत, कुबट वास. थंडीत फरशी पायाला गार. मग कुणीतरी सांगतं, इन्सुलेशन खराब झालंय, बदलून टाका. ते बदललं जातं. एक-दोन हंगाम बरे जातात आणि पुन्हा तेच.

माझ्या घराखाली हे दोनदा झालं. दुसऱ्या वेळी मी मुद्दाम जास्त जाडीचं ग्लासवूल घेतलं, नीट तारा लावून बसवलं, आणि तिसऱ्या वर्षी तेही लोंबायला लागलं. माल चांगला होता. ज्या हवेत तो ठेवला होता ती हवा ओली होती. त्यानंतर मी क्रम बदलला: आधी पाणी, मग वाफ, मग आग, आणि शेवटी ऊब. ‘सुरक्षित इन्सुलेशन कोणतं’ या प्रश्नाचं उत्तर याच क्रमाने शोधायला हवं. कारण एकच माल कोरड्या, झाकलेल्या जागी निर्धोक असतो आणि ओल्या, उघड्या जागी घरातल्या माणसांना त्रासदायक ठरतो.

आत शिरण्याआधी

घराचा मेन स्विच बंद करा आणि बॅटरीचा टॉर्च वापरा. ओल्या जमिनीवर पोटावर पडून, डोक्यावर जुन्या वायरी असताना काम करायचं असतं, म्हणून हे पहिलंच लिहितो. ऑस्ट्रेलियात २००९-१० मध्ये घरांना इन्सुलेशन बसवण्याची सरकारी योजना राबवली गेली. त्या कामांत चार तरुण कामगारांचा जीव गेला, त्यांतले तिघे विजेच्या धक्क्याने. दोघांच्या बाबतीत चकचकीत फॉइलचं इन्सुलेशन बसवलं जात होतं. धातूची पिन वायरीत घुसली की सगळ्या फॉइलमध्ये वीज उतरते. ती कामं छतातली होती, पण फॉइल, पिना आणि वायरी हेच त्रिकूट फरशीखालीही असतं. फॉइल असलेला कुठलाही माल बसवताना वीज बंदच हवी आणि धातूच्या पिना नकोत.

एन-९५ मास्क, डोळे पूर्ण झाकणारा चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नका. आधी जंतुनाशकाने भिजवा, मग पुसून उचला, कारण ती धूळ श्वासातून जाणं धोक्याचं असतं. आणि एक माणूस बाहेर हाकेच्या अंतरावर ठेवा.

घर जुनं असेल तर आणखी एक थांबा. पाइपांभोवती राखाडी-पांढरं, पुठ्ठ्यासारखं पन्हळी किंवा प्लास्टरसारखं वेष्टण दिसलं तर ते अॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याला हात लावू नका, कापू नका; नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि काढायचं ठरलं तर ते काम प्रशिक्षित लोकांनाच द्या. अभ्रकासारखे चमकणारे, हलके, फुललेले खडे म्हणजे व्हर्मिक्युलाइट. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या लिबीच्या खाणीतून निघालेल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये अॅस्बेस्टॉस मिसळलेलं असायचं आणि ती खाण १९९० पर्यंत चालू होती. हे खडे बहुधा माळ्यावर आणि भिंतींत सापडतात, पण भिंतीच्या फटीतून खाली सांडलेलेही असतात. हाताने चुरणारा, जुना, पिवळसर फेस दिसला तर तो युरिया-फॉर्माल्डिहाइडचा असू शकतो. कॅनडाने त्यावर १९८० मध्ये बंदी घातली.

पाणी येतंय कुठून

ओल चार वाटांनी येते. बहुतेक घरांत एकाहून जास्त वाटा चालू असतात, आणि आपण एक बंद करून समाधान मानतो. तिथेच समस्या पुन्हा उगवते.

पहिली वाट बाहेरच्या पाण्याची. जोरदार पावसानंतर दुसऱ्या दिवशी आत जाऊन बघा. पन्हळीचा पाइप पायाशीच रिकामा होतोय का? घराभोवतीची जमीन घराकडे उतरते का? पायाच्या भिंतीला आतून पांढरी पूड, म्हणजे लोणा लागलाय का? लोणा असेल तर भिंतीतून पाणी झिरपतंय हे नक्की. पन्हळीचं पाणी पायापासून निदान दोन मीटर लांब सोडा आणि पहिल्या दहा फुटांत जमिनीला सहा इंच उतार द्या. फावड्याने होण्यासारखं हे काम आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त फरक यानेच पडतो.

दुसरी वाट जमिनीतून येणाऱ्या वाफेची. माती वरून कोरडी दिसते, पण उघड्या जमिनीतून रोज कित्येक लिटर पाणी वाफ होऊन वर येऊ शकतं. मीटरभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर अंथरा, कडा टेपने किंवा दगडांनी दाबून टाका आणि दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब असतील तर वाफ जमिनीतून येतेय. वरच्या बाजूला ओल असेल तर दोष हवेचा आहे. दोन्हीकडे असेल तर दोन्हीचा.

तिसरी वाट हवेची, आणि हीच लोकांच्या पटकन लक्षात येत नाही. आपली समजूत अशी की पायाच्या भिंतीतल्या झरोक्यांतून वारा खेळला की पोकळी कोरडी राहते. थंड, कोरड्या दिवसांत ते खरंही असतं. दमट, उष्ण दिवसांत मात्र उलटं होतं. हवा ३० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के असेल तर तिचं दवबिंदू तापमान, म्हणजे ज्याच्या खाली वाफेचं पाणी होऊ लागतं ते, साधारण २५ अंश असतं. अशा एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी असतं. वर घरात एसी चालू असल्याने फरशीची खालची बाजू, गार पाण्याचे पाइप आणि एसीचे डक्ट (गार हवा नेणारे मोठे पाइप) २२ अंशांवर असतील, तर त्या तापमानाची हवा १९ ग्रॅमच्या आसपासच पाणी धरू शकते. उरलेलं पाणी लाकडावर, पाइपावर आणि ग्लासवूलच्या तंतूंवर बसतं. झरोके जितके मोठे, तितकं ते जास्त. म्हणजे वाळवण्यासाठी उघडलेली खिडकीच पाणी आत आणत असते.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या प्रिन्सव्हिल गावात सारख्या बांधणीच्या बारा घरांवर याचा अभ्यास झाला होता. काही घरांचे क्रॉल स्पेस झरोक्यांचे ठेवले, काही बंद केले. उन्हाळ्यात बंद पोकळ्या स्पष्टपणे जास्त कोरड्या राहिल्या.

चौथी वाट घरातलीच. सांडपाण्याच्या पाइपाचा झिरपणारा सांधा, एसीचं पाणी थेट घराखाली सोडलेलं, कपडे वाळवायच्या मशीनचा वाफाळ पाइप बाहेर न काढता खालीच मोकळा ठेवलेला, न्हाणीघराच्या फरशीतली फट. एकाच जागचं ग्लासवूल पुन्हा पुन्हा पडत असेल, बाकीचं ठीक असेल, तर त्याच्या बरोबर वर काय आहे ते आधी बघा.

मोजायला दोन गोष्टी लागतात: आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल मीटर आणि लाकडात दोन सुया टोचून ओलावा सांगणारं मीटर. पोकळीतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली हवी. ८० च्या वर ती बरेच दिवस राहिली की बुरशी धरते. लाकडातला ओलावा १५-१६ टक्क्यांच्या आसपास असेल तर निश्चिंत राहा. २० च्या वर गेला की काळजी करा. २८-३० ला पोहोचला की लाकूड कुजवणारी बुरशी जोमात वाढते, आणि तिथे इन्सुलेशन बाजूला ठेवून आधी सुतार किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवावा लागतो. एकाच जागी टोचू नका. कडेची तुळई, मधली तुळई, न्हाणीघराखालची तुळई, अशा आठ-दहा जागा खडूने खुणा करून ठेवा आणि दर वेळी तिथेच मोजा.

उघडी ठेवायची की बंद करायची

हे ठरल्याशिवाय माल निवडता येत नाही. पोकळी झरोक्यांची, उघडी ठेवली तर इन्सुलेशन फरशीच्या खाली, तुळयांमध्ये बसतं. पोकळी बंद केली तर ते पायाच्या भिंतींवर बसतं आणि फरशीखाली काही लागत नाही. दोन्ही अर्धवट करणं सगळ्यांत वाईट.

दोन्ही बाबतींत जमिनीवर जाड पॉलिथिन अंथरायचंच. ०.१५ मिलिमीटर ही किमान जाडी. आत कधी ना कधी प्लंबर रांगणार, म्हणून ०.२५ ते ०.५ मिलिमीटरचं घेतलेलं बरं. दोन पन्ने एकमेकांवर निदान सहा इंच चढवून सांध्यांना टेप लावा, भिंतीवर निदान सहा इंच वर न्या आणि खांबांभोवती नीट गुंडाळा. अणकुचीदार खडे आधी वेचून काढा. फक्त मध्यभागी अंथरून कडा मोकळ्या सोडल्या तर वाफ कडेने वर येते आणि नेमकी पायाशी टेकलेल्या तुळईला भिजवते.

हवामान दमट असेल, वर एसी चालत असेल, डक्ट खालून जात असतील, तर माझं मत स्पष्टपणे पोकळी बंद करण्याच्या बाजूने आहे. झरोके बुजवायचे, भिंतींना इन्सुलेशन, जमिनीवर सलग चादर, आणि हवा कोरडी ठेवायला डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र) किंवा घरातल्या वातानुकूलित हवेचा छोटा पुरवठा. ही शेवटची गोष्ट गाळली तर ते काम बंद डब्यात ओला टॉवेल ठेवल्यासारखं होतं.

काही घरांत मात्र बंद करणं धोक्याचं आहे. पोकळीतच गॅसवर किंवा तेलावर चालणारा हीटर किंवा बॉयलर असेल आणि तो जळायला तिथलीच हवा घेत असेल, तर झरोके बुजवल्यावर धूर उलटा फिरून कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. आधी ते उपकरण बाहेरची हवा घेणारं बसवा, नाहीतर हलवा. आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. पुराचं पाणी शिरणाऱ्या जागी झरोके पाण्याला वाट देतात, भिंतीवरचा दाब कमी करतात. तिथे ते बुजवू नयेत. आणि आत पाणी साचत असेल तर आधी निचरा करा, बाकी सगळं नंतर.

रेडॉनचाही विचार याच टप्प्यावर करा. हा मातीतून येणारा, वास-रंग नसलेला किरणोत्सारी वायू. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानानंतर त्याचा क्रम लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी घनमीटरला १०० बेकरेल ही संदर्भ पातळी सुचवली आहे. पोकळी बंद करण्याआधी आणि नंतर मोजणी करा. पातळी जास्त निघाली तर चादरीखालून पाइप काढून छोट्या पंख्याने वायू छपराच्या वर सोडता येतो. चादर सलग असेल तर हे काम सोपं होतं.

आता माल

ग्लासवूलपासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांच्या घराखाली तेच आहे. काचेचे तंतू स्वतः सहसा पेटत नाहीत. पण त्याला चिकटवलेला तपकिरी कागद पेटतो, आणि तो उघडा राहू द्यायचा नसतो. दुसरी अडचण, त्यातून हवा आरपार जाते. दमट हवा आत शिरते, गार फरशीला टेकते, पाणी धरते, पट्टा जड होतो आणि लोंबतो. एकदा लोंबला की फरशी आणि पट्टा यांच्यामध्ये फट पडते, गार हवा त्या फटीतून फिरते, आणि इन्सुलेशन असून नसल्यासारखं होतं. कोरड्या हवामानात, खणाच्या मापाचं, फरशीला घट्ट टेकलेलं आणि खालून नीट आधार दिलेलं ग्लासवूल चालतं. दमट जागी उघड्या पोकळीत मी ते पुन्हा लावणार नाही.

कागदाची बाजू कुठे ठेवायची यावर खूप गोंधळ आहे. खालून पिना मारायला सोपं म्हणून कागद जमिनीकडे ठेवलेला मी अनेकदा पाहिला आहे. थंड हवामानात कागद वर, घराच्या उबदार बाजूला हवा, कारण वाफ घरातून बाहेर जाऊ बघते. दमट, उष्ण हवामानात एसी चालू असताना वाफ खालून वर चढते. तिथे वरचा कागद तिला बरोबर फरशीपाशी अडवून ठेवतो. अशा ठिकाणी कागद नसलेला माल घ्या आणि वाफ रोखणारा थर खालच्या बाजूला द्या. जिथे थंडी आणि दमट उन्हाळा दोन्ही कडक असतात, तिथे ही कसरत करण्यापेक्षा पोकळी बंद करून इन्सुलेशन भिंतींवर नेणं सोपं पडतं.

रॉकवूल म्हणजे खडक वितळवून काढलेले तंतू. आगीच्या बाबतीत हे सगळ्यांत भरवशाचं. ते १००० अंशांच्या वर तग धरतं, आणि उघडं, कागदाविना रॉकवूल युरोपीय वर्गीकरणात सहसा ए-१ या सर्वोच्च, अज्वलनशील वर्गात येतं. पाणी त्यावरून ओघळतं, आकार टिकतो, दोन तुळयांमध्ये स्वतःच्या ताठपणाने बसतं. पण वाफ त्यातून जाते हे विसरू नका. ते पाण्याला दाद देत नाही, म्हणून मागचं लाकूड कोरडं राहील असं नाही. उघड्या पोकळीत रॉकवूल खणांत भरून खालून कडक बोर्ड सलग लावला आणि सांधे सील केले, तर हवा, उंदीर आणि लोंबणं हे तिन्ही प्रश्न एकदम आटोक्यात येतात. उघड्या पोकळीसाठी माझी पहिली निवड हीच.

या तंतूंनी कर्करोग होतो का, ही शंका अनेकांना असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००१ मध्ये फेरतपासणी करून इन्सुलेशनचं ग्लासवूल आणि रॉकवूल तिसऱ्या गटात ठेवलं, म्हणजे माणसात कर्करोग होतो असं ठरवण्याइतका पुरावा नाही. कातडी, डोळे आणि घसा यांना मात्र खाज सुटते, आग होते. काम करताना मास्क हवाच. आणि हे तंतू डक्टच्या फटींतून घरात ओढले जाऊ नयेत म्हणून डक्टचे सांधे आधी सील करा. काही तंतूंच्या चिकट द्रवात फॉर्माल्डिहाइड असतं, ज्याची गणना कर्करोगकारकांत होते. तयार मालातून ते फार थोडं बाहेर पडतं, पण फॉर्माल्डिहाइडविरहित माल सहज मिळत असताना तोच घ्यावा. घरात दमा असलेलं कुणी असेल तर नक्कीच.

पांढरा थर्माकोल आणि त्याचा दाट, रंगीत भाऊ एक्सपीएस (एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरिन) बोर्ड हे ओलीला चांगले. एक्सपीएस तर जमिनीत पुरला तरी टिकतो. बंद पोकळीच्या भिंतींना हे बोर्ड शोभतात. पण हे प्लास्टिक आहे. १०० अंशांच्या आसपास ते मऊ पडतं, पेटलं की थेंब थेंब वितळत जळतं आणि दाट काळा धूर करतं. आग पसरू नये म्हणून त्यात पूर्वी एचबीसीडी नावाचं रसायन घालायचे. ते शरीरात आणि निसर्गात साठून राहतं म्हणून २०१३ मध्ये अशा टिकाऊ घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात बंदीच्या यादीत आलं. जुने बोर्ड फुकट मिळाले तरी घराखाली लावू नका. पाकिटावर ‘आपोआप विझणारा’ असं लिहिलेलं असतं, त्यावर विसंबूनही बोर्ड उघडा सोडू नका. छोटी ज्योत विझणं वेगळं, आणि सगळी पोकळी पेटलेली असताना तगणं वेगळं. आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: पीव्हीसीच्या वायरी थर्माकोलला किंवा एक्सपीएसला टेकू देऊ नका. वायरीच्या आवरणातलं मऊपणा देणारं द्रव्य त्यात उतरतं आणि कालांतराने आवरण कडक होऊन तडकतं. वायरी नळीतून न्या किंवा मध्ये अंतर ठेवा.

फॉइल लावलेले पीआयआर (पॉलिआयसोसायन्युरेट नावाच्या कडक फोमचे) बोर्ड तेवढ्याच जाडीत जास्त ऊब राखतात. जळताना ते वितळत नाहीत, कोळसतात. पण त्यांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. काही पीआयआर बोर्ड क्रॉल स्पेसमध्ये वरून वेगळं आवरण न देता लावण्यासाठी खास चाचणी करून मिळतात. बंद पोकळीच्या भिंतींसाठी मी असाच चाचणी झालेला बोर्ड निवडतो, फॉइलच्या टेपने सगळे सांधे बंद करून. विक्रेत्याचा शब्द पुरेसा नाही. बोर्डाच्या तांत्रिक पत्रकावर ‘क्रॉल स्पेसमध्ये उघडा’ असा स्पष्ट उल्लेख शोधा. तो नसेल तर आवरण लागतंच. नेहमीचं आवरण म्हणजे अर्धा इंच जिप्सम बोर्ड. पण त्याचा कागद दमट जागी बुरशी धरतो, म्हणून इथे सिमेंट बोर्ड बरा. बोर्डाची कापलेली कड पाणी शोषते. ती जमिनीला टेकवू नका.

स्प्रे फोमबद्दल, म्हणजे जागेवरच फवारून फुगवायच्या फोमबद्दल, जरा सविस्तर लिहितो, कारण ‘सगळ्या प्रश्नांवर एकच उपाय’ म्हणून तोच विकला जातो. बंद पेशींचा फोम खरोखर गुणी आहे. हवा अडवतो, दोन इंचांत वाफही बरीच रोखतो, कडेच्या तुळईच्या वेड्यावाकड्या फटींत बसतो. पण तो तुमच्या घराखाली तयार होणारं रसायन आहे. दोन द्रव योग्य प्रमाणात, योग्य तापमानाला मिसळले तरच नीट घट्ट होतात. एका द्रवात आयसोसायनेट असतं, ज्याने दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही झटका येतो. फवारणीच्या वेळी आणि नंतर निदान २४ तास घरात कुणी नसावं, पाळीव प्राणीही नाहीत, आणि पोकळीतली हवा पंख्याने बाहेर काढावी. प्रमाण चुकलं तर माशासारखा किंवा अमोनियासारखा वास महिनोन् महिने राहतो, आणि मग तो फोम खरवडून काढण्याशिवाय इलाज उरत नाही. एकाच वेळी फार जाड थर मारला तर आतली उष्णता वाढून तो करपतो, पेटल्याच्याही घटना आहेत. आणि एकदा मारला की त्यामागचं लाकूड, गळका सांधा, वाळवीची वाट, काहीच दिसत नाही. ओलं लाकूड फोमखाली गाडलं तर ते आतल्या आत कुजतं. म्हणून लाकडाचा ओलावा १८ टक्क्यांच्या वर असताना फवारणी करू देऊ नका, मशीन दारात येऊन उभं असलं तरी. उघड्या पेशींचा, स्पंजासारखा फोम वाफ आणि पाणी दोन्ही आत घेतो. दमट पोकळीत तो नकोच.

कागदाच्या लगद्याचं सेल्युलोज माळ्यावर उत्तम, इथे नाही. ओल धरतं आणि खाली बसतं. बुडबुड्यांचं चकचकीत फॉइल मोठ्या आकड्यांनी विकलं जातं, पण स्वतःच्या बळावर ते इंचभर फोमचीही बरोबरी करत नाही.

वाळवीसाठी जागा सोडा

वाळवी फोम खात नाही, पण त्यातून बोगदे मात्र सहज काढते, आणि जमिनीपासून तुळईपर्यंत तिला कुणाच्या नजरेला न पडणारा जिना मिळतो. म्हणून भिंतीवरचा बोर्ड थेट लाकडापर्यंत नेऊ नका. वर तीन इंचांची उघडी पट्टी सोडा, जिथे मातीची नळी वर चढताना दिसेल. खालीही बोर्ड मातीपासून उचललेला ठेवा. या पट्टीतून थोडी ऊब जाते, जाऊ द्या. वाळवीच्या भागात राहणाऱ्यांनी यावर ठेकेदाराशी तडजोड करू नये.

कामाचा क्रम आणि नंतरची पाहणी

ओलं इन्सुलेशन आधी पिशव्यांत भरून बाहेर काढा. वाळवून परत लावण्याचा मोह टाळा. गळती आणि उतार दुरुस्त करा. चादर अंथरा. बुरशी ओल्या फडक्याने आणि ब्रशने घासून काढा. लाकूड भुसभुशीत लागलं तर थांबा. त्यानंतर लगेच नवा माल बसवू नका. पोकळी काही आठवडे तशीच ठेवा, शक्य असल्यास एक दमट महिना जाऊ द्या, आणि खडूच्या खुणांवर मीटर टोचत राहा. सगळ्या जागी आकडा १६ च्या खाली स्थिरावला की मग इन्सुलेशन. एखादीच जागा २० च्या वर अडून बसली तर तिथे अजून एक वाट उघडी आहे, ती शोधा. माझ्या घरात अशी जागा न्हाणीघराखाली निघाली. पाइप कोरडा होता, वरच्या फरशीचा सांधा झिरपत होता.

फरशीखाली इन्सुलेशन दिल्यावर पोकळी आधीपेक्षा थंड होते हेही ध्यानात ठेवा. गोठवणारी थंडी पडत असेल तर पाण्याचे पाइप स्वतंत्र गुंडाळा, नाहीतर तेच फुटून सगळं पुन्हा भिजवतील.

पहिल्या वर्षी दर महिन्याला एकदा खाली डोकावा. आर्द्रतेचं मीटर आत ठेवून त्याचा आकडा वर घरात दिसेल असं बिनतारी घेतलं तर दमट महिन्यांत रोज नजर जाते. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्या खालच्या खणांत इन्सुलेशन कायमचं चिकटवू नका. तो तुकडा स्क्रूवर, हाताने सोडवता येईल असा बसवा, आणि त्यावर तारीख आणि त्या दिवशीचा लाकडाचा आकडा मार्करने लिहून ठेवा.